जुन्या संगणकाचे अडलेले अपडेट

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर चितेचा अग्नी दिवसरात्र तेवत असतो. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी या घाटाच्या बांधणीस साहाय्य केले. त्याला लागूनच उत्तरेस शिंदे घाट आहे. तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. बांधकाम भव्य होते आणि दगड भारी होते. परंतु नदीकाठच्या जमिनीला तो भार पेलवला नाही व घाट खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. दगडात खोट होती किंवा कारागिरांना विद्या नव्हती, असे कोणी म्हणत नाही. नवा भार आणि जुनी जमीन यांचा मेळ बसला नाही, एवढेच.

घरातील जुन्या संगणकावर नवे अपडेट बसविताना पुष्कळदा असाच प्रसंग ओढवतो. पडद्यावर टक्क्यांचे आकडे चढत जातात, मध्येच थांबतात, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि ‘केलेले बदल मागे घेतले जात आहेत’ अशा अर्थाचे वाक्य उमटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. मणिकर्णिकेच्या पलीकडे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे असोत, की सांगली-सोलापूरकडील एखादे घर असो, आठ-दहा वर्षांचा एकच संगणक सर्वांनी वापरावयाचा ही स्थिती सर्वत्र आढळते. त्यात मुलांचा अभ्यास असतो, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असतात, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती असतात आणि दिवंगत माणसांची छायाचित्रेही असतात. घाटावरून परतलेल्या कुटुंबाजवळ गेलेल्या माणसाचे जे थोडे शिल्लक राहते, त्यातील काही भाग आज अशा यंत्रात साठविलेला असतो. म्हणून अपडेट अडले असता काय करावे याबरोबरच काय करू नये, हे जाणणेही अगत्याचे आहे.

कार्यप्रणाली आणि तिचे अपडेट

संगणकाचे भाग स्थूलमानाने तीन थरांत विभागता येतील. सर्वांत खाली प्रत्यक्ष यंत्र असते : गणन करणारा प्रोसेसर, तात्पुरती स्मृती, माहिती साठविणारी डिस्क, कळफलक व पडदा. सर्वांत वर मनुष्याच्या उपयोगाचे कार्यक्रम असतात : पत्र लिहिण्याचा, चित्र पाहण्याचा, हिशेब ठेवण्याचा. या दोहोंच्या मध्ये जो थर असतो त्यास कार्यप्रणाली, म्हणजेच ‘ऑपरेटिंग सिस्टिम’, म्हणतात. कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृती द्यावी, डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवावी, छपाईयंत्राशी कोणत्या रीतीने बोलावे, हे सर्व ती ठरविते. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत.

कार्यप्रणाली हा कोट्यवधी ओळींच्या आज्ञांचा संग्रह असतो. एवढ्या मोठ्या रचनेत दोष राहणे अपरिहार्य आहे. काही दोष केवळ गैरसोयीचे असतात. काही मात्र भिंतीतील छिद्रासारखे असतात व त्यांतून परक्या माणसाला यंत्रात शिरता येते. असे दोष उघडकीस आले म्हणजे निर्माते आज्ञांचे दुरुस्त भाग तयार करून आंतरजालावरून पाठवितात. हेच अपडेट होय.

अपडेट टाळल्याने काय होते हे २०१७ साली जगाला दिसून आले. विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली होती. १२ मे रोजी त्याच छिद्रातून ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी कार्यक्रम पसरला आणि दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या. दुरुस्ती येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते; ज्यांनी ती बसविली नव्हती ते या तडाख्यात सापडले. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा कार्यक्रम पसरला, तेव्हा मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. या दुसऱ्या घटनेत आणखी एक धडा होता. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या अपडेटमधूनच झाला होता. अपडेट घेणे आवश्यक आहेच. ते कोठून आले हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

अपडेट कसे बसते

बिघाड शोधण्यापूर्वी नीट चाललेले काम कसे होते हे समजून घ्यावे. अपडेटचा प्रवास साधारणपणे पाच टप्प्यांत होतो.

पहिल्या टप्प्यात संगणक निर्मात्याच्या केंद्राशी संपर्क साधतो आणि आपल्याजवळ काय आहे ते सांगून काय हवे ते विचारतो. दुसऱ्या टप्प्यात हवे असलेले भाग उतरवून घेतले जातात. तिसऱ्या टप्प्यात त्यांची पारख होते. प्रत्येक फाइलपासून गणिताच्या एका ठरावीक रीतीने एक संख्या काढता येते. प्रचारातील एका पद्धतीत ही संख्या २५६ द्विमान अंकांची असते. फाइलमधील एक अंकही बदलला तरी ही संख्या पार बदलून जाते. काढलेली संख्या निर्मात्याने कळविलेल्या संख्येशी जुळली आणि तिच्यावरील निर्मात्याची अंकीय सही खरी ठरली, तरच फाइल स्वीकारली जाते. चौथ्या टप्प्यात नवे भाग डिस्कवर वेगळ्या जागी मांडून ठेवले जातात. पाचव्या टप्प्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसविल्या जातात.

शेवटच्या टप्प्यासाठी यंत्र पुन्हा सुरू का करावे लागते, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. कार्यप्रणाली चालू असताना तिच्या मुख्य फाइली सतत वापरात असतात. ज्या फांदीवर बसावयाचे तीच कापता येत नाही. म्हणून प्रणाली पूर्णपणे उभी राहण्यापूर्वीच्या अल्प अवधीत ही अदलाबदल उरकून घेतात. या वेळी काही चुकले तर कार्यप्रणाली पूर्वीच्या फाइली परत जागेवर ठेवते. बदल मागे घेतले जात असल्याचे वाक्य पडद्यावर आले म्हणजे यंत्र बिघडलेच असे समजू नये. बहुधा ते स्वतःला सावरत असते. अशा वेळी घाबरून वीज बंद करणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

सर्वांत आधी प्रत

पावसाळ्यात गंगेचे पाणी चढू लागले की मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि दहनाचे काम वरच्या चौथऱ्यांवर व गच्च्यांवर हलविले जाते. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते; परंतु सामान हलविण्यासाठी घाटावरचा माणूस त्या आकड्याची वाट पाहत बसत नाही. संगणकाच्या दुरुस्तीतही हाच क्रम पाळावा. कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर, म्हणजे बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, काढून घ्यावी. प्रत काढल्यावर त्यातील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात आणि मग ते साधन यंत्रापासून अलग करून ठेवावे. जोडलेल्याच डिस्कवर ठेवलेली प्रत यंत्राबरोबरच नष्ट होऊ शकते.

ही सावधगिरी अवाजवी नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे अपडेट प्रसिद्ध झाले. ज्या संगणकांवर वैयक्तिक फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळविलेले होते, त्यांपैकी काहींवर जुन्या जागी राहिलेल्या फाइली या अपडेटने पुसून टाकल्या. काही दिवसांतच ते थांबविण्यात आले आणि दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा देण्यात आले. तेथे अपडेट अयशस्वी झाले नव्हते. ते यशस्वीपणे बसले आणि तरीही काही घरांतील फाइली गेल्या.

पहिले कारण : जागेचा अभाव

जुन्या यंत्रावर अपडेट अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे डिस्कवर जागा नसणे. नवे भाग मांडून ठेवण्यासाठी जागा लागते आणि परतीची सोय म्हणून जुने भागही काही काळ जपावे लागतात. म्हणजे नवे व जुने असे दोन्ही संसार एकदम सांभाळावे लागतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटसाठी सुमारे २० गिगाबाइट जागा मोकळी असावी, असा ठोकताळा उपयोगी पडतो. जागा करण्यासाठी प्रथम कचरापेटी रिकामी करावी, कार्यप्रणालीतील ‘डिस्क क्लीनअप’ हे साधन वापरून तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि मोठे चित्रपट वा ध्वनिमुद्रिते बाहेरच्या डिस्कवर हलवावीत. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइली हाताने पुसण्याचा मोह मात्र टाळावा.

जागेचा अभाव नेहमीच डोळ्यांना दिसतो असे नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी आलेले सुरक्षिततेचे एक अपडेट असंख्य घरगुती संगणकांवर बसेना. मुख्य डिस्कवर शेकडो गिगाबाइट मोकळे असतानाही ते अडत होते. शोध घेता असे आढळले, की हे अपडेट संकटकाळी उपयोगी पडणाऱ्या ‘पुनःस्थापन विभागात’ बसावयाचे होते. डिस्कचा हा छोटा विभाग नेहमीच्या वापरात दृष्टीस पडत नाही. अपडेटला तेथे २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती आणि जुन्या यंत्रांवर तो विभाग तेवढा ऐसपैस नव्हता. उपाय होता तो विभाग वाढविण्याचा. पण ते काम नाजूक असल्याने जाणकाराकडूनच करवून घेणे इष्ट होते. या प्रसंगावरून असे दिसते, की ‘जागा आहे’ एवढे म्हणून भागत नाही. ती नेमक्या ठिकाणी आहे का, हे पाहावे लागते.

दुसरे कारण : चुकलेले घड्याळ

जुन्या संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा एक विद्युत्‌घट असतो. त्याचे प्रचलित नाव सीआर २०३२ असे आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. यंत्र बंद असतानाही आतील घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. या घड्याळात गारेच्या स्फटिकाचा एक सूक्ष्म तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते. म्हणून पंधरा साध्या विभाजकांच्या साहाय्याने एक सेकंदाचा ठोका मिळतो. काही वर्षांनी घट क्षीण होतो आणि वीज काढताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते.

घड्याळ चुकल्याने अपडेट का अडावे? याचे उत्तर अंकीय सहीत आहे. निर्मात्याच्या केंद्राची ओळख पटविणारे जे प्रमाणपत्र असते, त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असे लिहिलेले असते. संगणकाच्या मते आज २०१५ साल असेल आणि प्रमाणपत्र २०२५ साली सुरू होत असेल, तर ते अद्याप जन्मालाच आलेले नाही असे समजून संगणक संपर्क तोडतो. विंडोजमध्ये अशा वेळी पुष्कळदा ८००७२एफ८एफ हा संकेत दिसतो. उपाय सोपा आहे. प्रथम तारीख, वेळ व भारताचा कालविभाग नीट लावून पाहावा. दर वेळी यंत्र बंद करून सुरू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर घट बदलावा. त्यापूर्वी यंत्राची वीजजोडणी काढावी. मेजावरील संगणकात हे काम काही मिनिटांचे असते; काही मांडीवरील संगणकांत मात्र घट तारेने जोडलेला असतो, तेथे दुरुस्ती-कारागिराची मदत घ्यावी.

याच्याशी जुळते आणखी एक कारण आहे. प्रमाणपत्रेही म्हातारी होतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली तेव्हा वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या जगभरच्या अनेक जुन्या उपकरणांना आंतरजालावरील कित्येक स्थळांवर विश्वास ठेवता येईना. फार दिवस अपडेट न घेतलेल्या यंत्राला अपडेट घेणेच अवघड होऊन बसते, ते असे.

तिसरे कारण : अर्धवट उतरलेले भाग

वीज मध्येच गेली किंवा आंतरजालाची जोडणी तुटली, तर उतरविलेला भाग अपुरा राहतो. पुढे पारख करताना संख्या जुळत नाही आणि अपडेट नाकारले जाते. कधी कधी संगणक तोच सदोष भाग पुन्हापुन्हा पारखत बसतो. विंडोजमध्ये अशा वेळी ‘विंडोज अपडेट’ ही सेवा थांबवून उतरविलेल्या भागांच्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलतात व सेवा पुन्हा सुरू करतात. संगणक नवा फोल्डर तयार करून सर्व भाग नव्याने आणतो. या कृतीने वैयक्तिक फाइलींना धक्का लागत नाही. कार्यप्रणालीत असलेले ‘ट्रबलशूटर’ हे साधन हेच काम बहुतांशी आपोआप करते. म्हणून प्रथम त्याचा प्रयोग करावा.

ज्या गावी वीज वारंवार जाते तेथे मोठे अपडेट सुरू करण्यापूर्वी वेळ विचारपूर्वक निवडावी. मांडीवरील संगणक पूर्ण भारित करून वीजजोडणीवर ठेवावा. मेजावरील संगणकास यूपीएस असल्यास उत्तम.

चौथे कारण : प्रणालीच्या फाइलींची झीज

अनेक वर्षांच्या वापरात अचानक बंद पडण्याने किंवा डिस्कवरील दोषाने कार्यप्रणालीच्या काही मूळ फाइली बिघडलेल्या असतात. रोजच्या कामात ते जाणवत नाही. परंतु अपडेट ज्या फाइलीवर रचावयाचे तीच सदोष असेल तर ते बसत नाही. यासाठी विंडोजमध्ये दोन साधने आहेत. ‘डीआयएसएम’ हे साधन सुट्या भागांचे कोठार दुरुस्त करते आणि ‘एसएफसी’ हे साधन त्या कोठारातील चांगल्या प्रती घेऊन प्रत्यक्ष फाइली दुरुस्त करते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी डीआयएसएम, नंतर एसएफसी. कोठारातील धान्यच किडलेले असेल तर त्यातून पेरणी करून काय उपयोग? दोन्ही साधने प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी लागतात. कित्येकदा मध्येच एका आकड्यावर ती बराच वेळ थांबतात, धीर धरावा.

फाइली वारंवार बिघडत असतील तर संशय डिस्कवरच घ्यावा. जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, साधी फाइल उघडण्यास फार वेळ लागणे, डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदीत सदोष कप्प्यांची संख्या वाढत जाणे, ही लक्षणे गंभीर होत. अशा डिस्कवर अपडेटचे प्रयत्न तत्काळ थांबवून उरलेली शक्ती फाइली बाहेर काढण्याकडे लावावी. मरणोन्मुख डिस्कवर दुरुस्तीचे साधन तासन्‌तास चालविणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाला घाट चढावयास लावणे होय.

पाचवे कारण : चालक-आज्ञावली आणि बाहेरची उपकरणे

छपाईयंत्र, ध्वनियंत्र, चित्रदर्शक पट्टी अशा प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी कार्यप्रणालीला एक दुभाषा लागतो. त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. उपकरण दहा वर्षांपूर्वीचे असेल आणि त्याच्या निर्मात्याने नवा दुभाषा देणे सोडून दिले असेल, तर नव्या प्रणालीशी त्याचे जुळत नाही. अपडेट शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊन माघारी फिरत असेल, तर हे कारण बहुधा संभवते. म्हणून मोठे अपडेट करताना कळफलक, माउस व पडदा एवढेच ठेवून बाकीची उपकरणे काढून ठेवावीत. बाहेरून आणलेला विषाणुरोधक कार्यक्रम असल्यास तो त्याच्या अधिकृत रीतीने तात्पुरता काढावा व काम संपताच पुन्हा बसवावा.

संकेतांकाचा अर्थ

अपडेट अडले की पडद्यावर एक लांबलचक संकेतांक येतो. तो पाहून पुष्कळ लोक निराश होतात. वस्तुतः तो रोगाचे नाव सांगणारी चिठ्ठी असतो. हे अंक षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात. उदाहरणार्थ ८००७००७० हा संकेत घ्यावा. यातील पहिला भाग ‘विंडोजमधील चूक’ एवढेच सांगतो. खरा अर्थ शेवटच्या ७० मध्ये आहे. षोडशमान ७० म्हणजे सात गुणिले सोळा, अर्थात ११२. आणि विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची चूक म्हणजे ‘डिस्क भरली आहे’. तसेच ८००७०६४३ मधील ६४३ म्हणजे १६०३, आणि त्या क्रमांकाचा अर्थ ‘बसविताना घातक चूक झाली’ एवढाच आहे. २०२४ च्या अपडेटने जागेच्या अभावी नेमका हाच संकेत दाखविला होता. यावरून असे लक्षात येते, की काही संकेत रोग सांगतात आणि काही केवळ ताप असल्याचे सांगतात. संकेतांक वहीत उतरवून ठेवावा, त्यापुढे तारीख आणि केलेला उपाय लिहावा. एका वेळी एकच उपाय करून पाहावा. एकदम चार उपाय केले तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

यंत्र उभेच राहत नसेल तर

क्वचित प्रसंगी अपडेटनंतर संगणक सुरूच होत नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कार्यक्रमाच्या एका सदोष फाइलीमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असे निश्चेष्ट झाले. भारतात काही विमानप्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली होती. परंतु जी यंत्रे बंद पडली होती त्यांपैकी पुष्कळांजवळ माणसाला स्वतः जाऊन, त्यांना ‘सेफ मोड’ या मर्यादित अवस्थेत सुरू करून, ती एक फाइल काढावी लागली.

घरच्या यंत्रावरही मार्ग तोच. लागोपाठ सुरुवात फसली की विंडोज बहुधा आपोआप पुनःस्थापनाचा पडदा दाखविते. तेथून शेवटचे अपडेट काढून टाकता येते किंवा प्रणाली आधीच्या नोंदविलेल्या स्थितीस नेता येते. मोठ्या अपडेटनंतर साधारण दहा दिवसांपर्यंत पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याचीही सोय असते. ‘सर्व काही पुसून नव्याने बसवा’ हा पर्याय त्याच पडद्यावर शेजारीच असतो. फाइलींची प्रत हाती नसेल तर त्याला स्पर्श करू नये. त्याऐवजी दुसऱ्या संगणकावर लिनक्सची पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती तयार करून तिच्यावरून बंद पडलेले यंत्र सुरू करावे. डिस्क शाबूत असेल आणि तिला संकेतशब्दाचे कुलूप लावलेले नसेल, तर आतील छायाचित्रे व कागदपत्रे बहुधा तशीच दिसतात व बाहेर काढता येतात.

यंत्राची मर्यादा ओळखणे

सर्व उपाय करूनही जेथे नवी आवृत्ती बसत नाही, तेथे यंत्राची कुवत पाहावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठा आणि ‘टीपीएम’ या सुरक्षा-घटकाची दुसरी आवृत्ती लागते. शिवाय काही वर्षांपूर्वीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. विंडोज १० चे सर्वसाधारण विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांसाठी सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. आडमार्गाने नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चढविण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. परंतु पुढचे अपडेट मिळेलच याची हमी त्यांत नसते. जी जमीन भार पेलणार नाही तिच्यावर भारी घाट बांधू नये.

म्हणून जुने यंत्र टाकूनच द्यावे असेही नाही. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या कमी स्मृतीवरही चालतात व त्यांना नियमित दुरुस्त्या मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली. तीत भारतीय भाषांची सोय आहे. फिरत्या डिस्कऐवजी घन-अवस्था डिस्क, म्हणजे ‘एसएसडी’, बसविल्यानेही अनेक जुने संगणक पुन्हा चपळ होतात. अगदीच काही शक्य नसेल तर ते यंत्र आंतरजालापासून दूर ठेवून केवळ लिहिण्यावाचण्यासाठी वापरावे. पेढीचे व्यवहार त्यावर करू नयेत.

वर सांगितलेले उपाय साधेच आहेत. घड्याळ पाहणे, जागा मोजणे, वीज सांभाळणे, संकेतांक लिहून ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे : यांसाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. शाळेतील विद्यार्थीही घरच्या वडीलधाऱ्यांना हे काम करून दाखवू शकेल. यंत्र दुरुस्त होईल किंवा होणार नाही. नवे यंत्र बाजारात मिळते. आजीचे एकमेव छायाचित्र मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून दुरुस्तीच्या वहीतील पहिली नोंद नेहमी एकच असावी : प्रत काढली, उघडून पाहिली, वेगळी ठेवली. ती नोंद झाल्यावर मग बाकीच्या कामाला निश्चिंतपणे हात घालावा.